चट्ट!

आमच्या ऑफिसात मीटिंग रूमच्या दाराला स्टीलचं हँडल आहे आणि गेले दोन महिने माझं आणि त्याचं अजिबात पटत नाही. हात नेला की चट्ट! दुखतं असं नाही फार, पण दचकायला होतं, आणि आत पाच माणसं गंभीर चेहऱ्याने बसलेली असताना "आई गं" करत एन्ट्री घ्यायची म्हणजे... असो.

मी रीतसर मेन्टेनन्सवाल्याला बोलावलं, म्हटलं दादा, दारात करंट उतरलाय. त्याने टेस्टर लावला, तो काही पेटला नाही, मग स्वतःच हँडल घट्ट धरून उभा राहिला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी आपली गुपचूप जागेवर येऊन बसले.

मग वाचत बसले तेव्हा कळलं की करंट दारात नव्हताच, माझ्यातच होता! दिवसभर खुर्चीच्या कापडावर आपण घासत बसतो, उठलो की आपले कपडे त्या कापडापासून सुटतात आणि सुटताना एकाचे इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडेच राहून जातात. पायात रबरी सोल, म्हणजे खाली जमिनीत जायची वाट बंद. वर एसीने हवा कोरडी करून ठेवलेली, दमट असती तर हा चार्ज हळूहळू आपोआप निघून गेला असता. मग धातूचं काही दिसलं रे दिसलं की सगळा एकदम तिकडे उडी मारतो. (इलेक्ट्रॉन हे नावच मुळात अंबरच्या ग्रीक नावावरून आलंय, अंबर म्हणजे आकाश नाही हां, झाडाचा चीक लाखो वर्षांत दगडासारखा झालेला असतो तो. तो घासला की हलक्या वस्तू ओढतो हे त्या लोकांना तेव्हाच माहीत होतं.)

आणि हा झटका नुसता जाणवायलाच साधारण 3000 व्होल्ट लागतात! कोरड्या हवेत कार्पेटवरून चाललं तर 10 हजारांच्याही वर जातात. एवढे व्होल्ट अंगावर घेऊन मी बिनधास्त झेरॉक्स काढत फिरत होते. चार्जच एवढुसा असतो आणि क्षणात संपतो म्हणून आपल्याला काही होत नाही. कॉम्प्युटरच्या चिपचं तसं नसतं, काही चिप 100 व्होल्टच्या आतच जातात, म्हणजे आपल्याला पत्ताही लागत नाही आणि तिकडे तिचा कारभार आटोपलेला. आमचा आयटीवाला मशीन उघडताना मनगटाला वायरवाला पट्टा का बांधतो ते तेव्हा कळलं, मला इतके दिवस ती स्टाईल वाटायची.

उपाय बरेच करून बघितले. कोपराने दार ढकललं, तर कोपराला चट्ट. हाताला क्रीम लावलं, थोडा फरक पडला पण की-बोर्ड तेलकट झाला. उठतानाच खुर्चीचा धातूचा भाग धरून उठायचं हे मात्र चालतं, फक्त घाईत आठवत नाही. सगळ्यात भारी म्हणजे किल्ली. ती हातात घट्ट धरायची आणि तिचं टोक आधी हँडलला टेकवायचं, ठिणगी उडते ती किल्लीच्या टोकावर, बोटाला कळतही नाही.

परवा अशीच किल्ली हँडलला टेकवून उभी होते तर मागून तोच मेन्टेनन्सवाला आला. जरा वेळ बघत राहिला आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, त्याला कुलूप नाहीये."