लादायनीआधीचे दहा दिवस

२४ एप्रिल

रातांबे आले. मेच्या तीन तारखेला खुरसाकडे, म्हणजे वाडीतल्या क्रूसाकडे, लादायन (मारियामातेची गाऊन म्हणायची प्रार्थना) आहे, तेव्हा सरबताचा पाक आजच लावायला हवा. उन्हात सात-आठ दिवस मुरल्याशिवाय कोकमाचा रंग उतरत नाही. रातांबे धुऊन फडक्याने कोरडे केले, आडवे चिरले, गर नि बिया बाजूला काढल्या. सालींच्या वाट्यांत साखर दाबून भरली आणि काचेच्या बरणीत थर लावले. एक किलो सालींना दोन किलो साखर. यात हात आखडता घेतला किंवा दोन-चार साली ओल्या राहिल्या की चौथ्या दिवशी वर फेस येतो आणि बरणी फुकट जाते. तोंडाला फडकं बांधायचं, रोज कोरड्या लाकडी डावाने खालवर करायचं. अॅल्युमिनियमचं भांडं अजिबात नको, कोकम ते खातं.

चाळीस माणसं, प्रत्येकी २०० मिली म्हटलं तर ८ लिटर सरबत. एका भाग पाकाला पाच भाग पाणी, मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड. म्हणजे दीड लिटर पाक खूप झाला.

लादायनीनंतर चणे आणि सोरो, म्हणजे दारू, ही आपल्या किनाऱ्याची जुनी रीत. आमच्या छोट्या, रोमपासून स्वतंत्र असलेल्या कॅथलिक मंडळीत खुरसाकडे दारू ठेवायची नाही असं ठरलं आहे. बाटली उघडली की बायका-मुलं चणे पदरात घेऊन घरची वाट धरतात, आणि ज्यांनी कष्टाने दारू सोडली आहे ते मुळात येतच नाहीत. कोकमाला सगळे थांबतात, आणि गप्पाही रंगतात.

२८ एप्रिल

चुना. आमचा खुरीस जांभ्या चिऱ्याच्या चौथऱ्यावर आहे, मागच्या पावसाचं शेवाळ वाळून काळं झालेलं. ते तारेच्या ब्रशने खरवडून काढलं. वरवर पुसून चुना मारला तर पहिल्या सरीला पापुद्रे सुटतात.

कळीचा चुना पत्र्याच्या डब्यात भिजवायचा. प्लास्टिकची बादली नको, चुना उकळायला लागतो तेव्हा ती मऊ पडते. आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा चुना. उलट केलं तर चुना उडतो आणि डोळ्यांत गेला तर इजा होते, म्हणून मुलांना लांब ठेवायचं. एक किलो कळीला साधारण पाच लिटर पाणी. रात्रभर निवू द्यायचं, सकाळी जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचं, भिजवलेला डिंक नि चिमूटभर नीळ घालायची. चौथऱ्यावर आधी पाणी मारून मग पातळ हात द्यायचा, वाळल्यावर दुसरा. जाड एकच हात दिला की तो भेगाळतो.

दरवर्षी कोणीतरी सुचवतं की एकदा ऑइलपेंट मारून मोकळे होऊ. जांभा पावसात पाणी पितो आणि उन्हात सोडतो. वरून रंगाचं कातडं बसवलं की ओल आत कोंडते आणि चिरा आतून भुगा होतो. चुनाच बरा.

३० एप्रिल

तीन मे हा क्रूस सापडल्याचा जुना सण. रोमच्या दिनदर्शिकेतून तो १९६० साली निघाला, क्रूसाचा सण तेवढा १४ सप्टेंबरला राहिला. आमच्याकडे मात्र मे सुटला नाही. सप्टेंबरात चौथऱ्याभोवती घोटाभर चिखल असतो, आणि चाकरमानी येतात ते मेमध्ये.

आज खर्चाचा हिशेब बसवला. मेणबत्त्या, फुलं, चणे, नारळ, साखर, सगळं मिळून १५०० रुपयांच्या आत. ही मर्यादा आहे आणि ती मोडायची कोणालाही मुभा नाही. लादायनीचा मान ज्याच्याकडे असतो त्या मानकऱ्याने हौसेने बँड आणला की पुढच्या वर्षीच्या मानकऱ्याला कर्ज काढावंसं वाटतं, आणि त्याच्या पुढच्या वर्षी चिठ्ठीत नाव घालायला माणसं कचरतात. फेस्ताचा, म्हणजे सणाचा, मान ठरावीक घरांत फिरायचा, गोव्यातल्या कोंफ्रारी (चर्चच्या बंधुमंडळ्या) तर जातीवर उभ्या होत्या. वाडीत हे सगळ्यांना माहीत असतं, बोलत कोणी नाही. आम्ही ते उघड बोलायचं ठरवलं आणि पुढचा मानकरी ठरवायला चिठ्ठ्या सुरू केल्या.

एका घराची एक चिठ्ठी. घर म्हणजे कोण, हे त्या घराने सांगायचं. नवरा हिंदू, बायको कॅथलिक असं घर आहे. सोडचिठ्ठीनंतर दुसरं लग्न केलेलं जोडपं आहे. दोघी बायका मिळून राहतात ते एक घर आहे, त्यांची दोन्ही नावं एकाच चिठ्ठीवर. विधवा एकटी असली तरी तिची अख्खी चिठ्ठी. चिठ्ठ्या सारख्या कागदाच्या, सारख्या घडीच्या, आणि उचलायला मंडळीतलं सगळ्यांत लहान पोर.

१ मे

गाण्याची तालीम. लादायनीला पाद्री लागत नाही, ही तिची मोठी ताकद. ज्या मंडळीला फादर महिन्यातून एकदा मिळतो, तिचा संसार लादायनीवर चालतो. एक गळा धरणारा, एक व्हायोलिन आणि उत्तर देणारी चार माणसं एवढं जमलं की झालं.

लादायनीत गातात ती लोरेटोची लितानी, म्हणजे मारियामातेला एकेका नावाने हाक मारायची प्रार्थना; तिला १५८७ साली पोप सिक्स्टस पाचवे यांनी मान्यता दिली. आजी-आजोबांनी ती लॅटिनमध्येच पाठ केली, ‘ओरा प्रो नोबिस’ त्यांच्या जिभेवर आहे. मुलांना तो नुसता नाद वाटतो. म्हणून अर्धी लॅटिन, अर्धी मराठी, आणि मराठीत उत्तर ‘आम्हांसाठी विनंती कर’. भाषा मध्येच कधीही बदलायची नाही, बदल एकाच ठरलेल्या जागी. नाहीतर निम्मे लोक ‘ओरा’ म्हणतात, निम्मे ‘आम्हां’ म्हणतात आणि सगळा मेळ विस्कटतो.

२०२० साली पोप फ्रान्सिस यांनी तीन नवी संबोधनं घातली: दयेची माता, आशेची माता, स्थलांतरितांचा दिलासा. आम्ही रोमच्या हुकमाखाली नाही, पण ही तिन्ही आम्ही आनंदाने घेतली. तिसरं तर आमच्यासाठीच घातल्यासारखं आहे. ज्या वाडीतली निम्मी दारं मुंबईला आणि आखातात गेलेल्यांमुळे बंद असतात, तिथे ‘स्थलांतरितांचा दिलासा’ म्हणताना म्हाताऱ्यांचा आवाज जड होतो. तिथे गाणाऱ्याने घाई करू नये, एक श्वास थांबावं.

चुका दोनच, पण दरवर्षीच्या. पहिली, सूर उंच धरणे. शेवटच्या ‘राणी’ म्हणून सुरू होणाऱ्या ओळींपर्यंत पोचताना पुरुषांचे गळे फाटतात. बसून, हळू आवाजात गुणगुणताना जो सूर सहज येतो त्याच्या खालूनच सुरुवात करायची. दुसरी, उत्तर संपायच्या आत पुढची हाक मारणे. व्हायोलिनच्या तारा समुद्राच्या दमटपणाने उतरतात, म्हणून अर्धा तास आधी उघड्यावर ठेवून मगच जुळवायचं. यंदा गळा धरणारी बाई आहे. पहिल्यांदा ठरलं तेव्हा थोडी कुजबुज झाली होती, आता कोणाच्या ध्यानातही येत नाही.

२ मे

उद्या लादायनीआधी घरात मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची उपासना. फादर आठवडाभर नोकरी करून येतात. स्वतंत्र कॅथलिक मंडळींत बहुतेक ठिकाणी असंच असतं, पगार द्यायला धर्मप्रांत नसतो.

लोकांना हे स्वतंत्र कॅथलिक म्हणजे परदेशी खूळ वाटतं, तेव्हा एक नाव सांगावंसं वाटतं. गोव्यातल्या वेर्णे इथे १८३६ साली जन्मलेले अंतोनियु फ्रांसिश्कु शाव्हियेर आल्व्हारिश. रोमशी फारकत झाल्यावर १८८९ मध्ये कोट्टायमला केरळच्या मलंकर ऑर्थोडॉक्स चर्चच्या बिशपांनी त्यांना मार युलिअस म्हणून अभिषिक्त केलं. १८९२ मध्ये कोलंबोला त्यांनी रेने व्हिलात यांना बिशप केलं, आणि अमेरिकेतल्या कितीतरी स्वतंत्र कॅथलिक मंडळी आपली परंपरा त्या व्हिलातपर्यंत नेतात. म्हणजे त्या धाग्याचं एक टोक आपल्या किनाऱ्यावर आहे. गोव्यात त्यांनी गरिबांची आणि रोग्यांची सेवा केली, १९२३ मध्ये रायबंदरला वारले. उडुपीजवळ ब्रह्मावरला त्यांच्या मागे आलेल्या कोंकणी घरांची मंडळी आजही आहे, मलंकर ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये. सगळ्यांना सामावणं हे पाऊल मात्र पुढच्यांचं. जर्मनीतल्या ‘जुने कॅथलिक’ या रोमपासून वेगळ्या पंथाने १९९६ मध्ये स्त्रियांना पुरोहितदीक्षा दिली.

आता कामाचं. ओस्ती, म्हणजे मिस्सेतली पातळ भाकर, मेच्या हवेत कातड्यासारखी चिवट होते, मोडताना कडक आवाज येत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात कोरड्या तांदळाची पुरचुंडी ठेवली की टिकते. घरात तबर्नाकल, म्हणजे उरलेली ओस्ती ठेवायची पेटी, नाही, म्हणून मोजूनच घ्यायची: येणाऱ्याने दाराशी चिमट्याने एक ओस्ती ताटलीत टाकायची. उशिरा येणाऱ्यांसाठी पाच जास्त. दोन पेले, एकात वाईन, दुसऱ्यात द्राक्षरस, आणि रसाच्या पेल्याला निळ्या काठाचा रुमाल. दोन्ही पेले सारखे दिसले तर घोटाळा होतो, आणि तो घोटाळा दारू सोडलेल्या माणसाला महाग पडतो.

ओस्ती घ्यायला मेजावर कोणालाही बोलावणं आहे. शब्द ठरलेले: ज्यांना घ्यायचं आहे त्यांनी हात पुढे करावेत, ज्यांना नको त्यांनी छातीवर हात आडवे घेऊन यावं, आशीर्वाद मिळेल. हे मिस्सेच्या सुरुवातीलाच सांगायचं. ऐन वेळी सांगितलं की नवा माणूस बाकावर अवघडून बसतो.

मेलेल्यांच्या नावांची वहीही आजच भरून घेतली. त्यात हिंदू आजे-आज्याही आहेत. नाव कसं उच्चारायचं ते घरच्यांकडून ऐकून घ्यावं, चुकीचं वाचलेलं नाव वर्षभर खुपतं.

३ मे

चणे. चाळीस माणसांना २ किलो कोरडे काळे चणे, भिजून-शिजून साडेचार किलोपर्यंत जातात. पहाटे पाचला भिजत घातले, मध्ये एकदा पाणी बदललं, दुपारी एकला कुकरवर. रात्रीच भिजवून ठेवले तर या उकाड्यात सकाळपर्यंत फेस धरतात. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी जड असेल तर चणे शिजत नाहीत, तेव्हा गोडं पाणी आणावं किंवा चिमूटभर सोडा टाकावा. मीठ मऊ झाल्यावर. मग ओल्या खोबऱ्याच्या कातळ्या, दोन सुक्या मिरच्या. गरम असताना झाकण घट्ट लावायचं नाही, ताटात पसरून निववायचे. वर्तमानपत्राच्या पुड्या बंद केल्या, शाई चण्यांना लागते. केळीच्या पानाचे तुकडे पुरतात.

मिस्सा पाचला घरात, लादायन सातला खुरसाकडे. साडेसहाला करून पाहिली आहे, पश्चिमेचा वारा एकही मेणबत्ती टिकू देत नाही. दिवेलागणीनंतर तो पडतो. तरी खुरसाच्या कोनाड्यात खोबरेल तेलाची पणती असावीच, आणि मेणबत्त्यांना कंदिलाच्या काचा. मेणबत्त्या दुपारी सावलीत ठेवायच्या, नाहीतर वाकतात. शेजारच्या हिंदू घरातून तेल आणि अबोलीचा वळेसर आला, तो क्रूसाच्या आडव्या हातावर पहिला चढला. चौथऱ्याला दोन पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांसाठी खुर्च्या मागे न लावता पुढच्या रांगेत, बाजूने लावल्या.

पाऊण तासात सगळं झालं. मग वही, मग चिठ्ठी, मग ‘व्हीव’चा जयघोष. पुढच्या वर्षीचा मान त्या दोघींच्या घराकडे गेला.

४ मे

चौथऱ्यावरचं मेण सकाळी गार असतानाच सुरीच्या बोथट बाजूने काढलं. ऊन चढल्यावर ते चुन्यात मुरतं आणि पिवळा डाग राहतो. काचा कोमट पाण्यात धुतल्या. हिशेब १३८० रुपये, उरलेले १२० पुढच्या मानकरणींकडे दिले, वहीसकट. गाळून उरलेला चुना मडक्यात भरून वर चार बोटं पाणी ठेवलं. पाण्याखाली तो वर्षभर नरम राहतो, फक्त पाणी आटू द्यायचं नाही.