कार ऑडिओमधील अल्टरनेटरची शिट्टी : नोंद पुढे चालू

इंजिन सुरू होताच स्पीकरमधून येणारी आणि अ‍ॅक्सिलरेटरबरोबर चढत जाणारी शिट्टी आता जवळजवळ गेली आहे. ती अल्टरनेटरचीच, म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरून गाडीची वीज तयार करणाऱ्या यंत्राचीच आहे, याबद्दल शंका नव्हती. बारा ध्रुवांच्या नेहमीच्या अल्टरनेटरमध्ये रोटरच्या एका फेऱ्यात रेक्टिफायरमधून (एसीचे डीसी करणाऱ्या डायोडांमधून) ३६ स्पंद निघतात. इंजिन ८०० आरपीएमवर असताना पुलीच्या अडीचपट गुणोत्तराने अल्टरनेटर २००० आरपीएमने फिरतो आणि हा रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली लहर, सुमारे १२०० हर्ट्झवर येतो. इंजिन २००० आरपीएमवर गेले की तोच ३००० हर्ट्झवर पोहोचतो. म्हणजे कान जिथे सर्वांत तिखट असतो, नेमका तोच पट्टा.

बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावून रिपल पाहिला, तो ४० मिलिव्होल्टच्या आसपास होता, त्यामुळे अल्टरनेटरचा डायोड गेला असण्याची शक्यता मागे पडली. प्रश्न उरला तो रिपल आवाजात शिरतो कुठून, हा. पॉवर वायरवर फिल्टर बसवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण वाट ठाऊक नसताना फिल्टर विकत घेणे मला पटत नाही.

जुन्या आरसीए प्लगची (ऑडिओ सिग्नल नेणाऱ्या केबलच्या टोकाची) मधली पिन त्याच्या बाहेरच्या कडीला डागून दोन शॉर्टिंग प्लग तयार केले आणि ते अ‍ॅम्प्लिफायरच्या इनपुटमध्ये खोचले. इंजिन चालू असूनही पूर्ण शांतता. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, त्याची पॉवर वायर आणि त्याचे ग्राउंड (गाडीच्या बॉडीशी असलेली जोडणी) निर्दोष होते. नंतर आरसीए केबल पुन्हा जोडून तिचे हेड युनिटकडील (डॅशबोर्डमधल्या स्टिरिओकडील) टोक बॉडीला लागू न देता तसेच शॉर्ट केले, तरीही शांतता. शेवटी त्याच केबलला हेड युनिटऐवजी चार्जरला न लावलेला मोबाईल जोडला. गाणे स्वच्छ वाजले आणि शिट्टीचा मागमूस नव्हता, कारण स्वतःच्या बॅटरीवर चालणाऱ्या मोबाईलचा गाडीच्या ग्राउंडशी दुसरा संबंधच नसतो. दोष हेड युनिटच्या ग्राउंडमध्ये होता.

हेड युनिटची केस आणि अ‍ॅम्प्लिफायरचे ग्राउंड टर्मिनल यांच्यामध्ये हेडलाइट व ब्लोअर चालू ठेवून ९० मिलिव्होल्टचा फरक मिळाला. मूळ हार्नेसमधली बारीक काळी वायर ब्लोअरसह इतर उपकरणांबरोबर वाटून घेतलेली होती, त्यामुळे त्या सर्वांच्या करंटचा काही भाग आरसीए केबलच्या शिल्डमधून (बाहेरच्या आवरणातून) परतत होता. डॅशबोर्डच्या बाजूच्या पॅनेलमागे बॉडीचा रंग धातू चकाकेपर्यंत खरवडला, दातेरी वॉशर घालून नवी जाड वायर कसली आणि गंज लागू नये म्हणून वरून पेट्रोलियम जेली लावली. फरक १० मिलिव्होल्टच्या खाली आला. केबलमधली ही ग्राउंडची वाट तोडणाऱ्या ग्राउंड लूप आयसोलेटरनेही शिट्टी थांबली असती, परंतु स्वस्त आयसोलेटरमधला छोटा ट्रान्सफॉर्मर मोठ्या आवाजात बास खातो, म्हणून तो टाळला.

उरलेली पुसट शिट्टी गेनने, म्हणजे इनपुटची संवेदनशीलता ठरवणाऱ्या नॉबने घालवली. हेड युनिटचा प्रीआउट (आरसीएवाटे बाहेर जाणारा सिग्नल) २ व्होल्टचा असताना अ‍ॅम्प्लिफायरचा गेन ०.२ व्होल्टच्या खुणेवर होता. तो २ व्होल्टच्या खुणेवर आणल्यावर इनपुटवाटे येणारा गोंगाट २० डेसिबलने उतरतो, आणि गाण्याची पातळी हेड युनिटच्या व्हॉल्यूमने भरून काढता येते. गेनचा नॉब म्हणजे आवाज वाढवण्याचा नॉब, ही समजूत किती घट्ट रुजली आहे!

एफएमवरची खरखर मात्र वेगळी गोष्ट आहे. डॅशकॅमचा चार्जर काढला की ती थांबते, म्हणजे त्यातल्या स्विचिंग सर्किटचे हार्मोनिक्स (त्याच्या वारंवारतेच्या पटीतल्या लहरी) थेट अँटेनात शिरत आहेत. तिथे ग्राउंडचा काही उपाय चालणार नाही. चार्जरच्या वायरवर फेराइट क्लॅम्प (असा गोंगाट अडवणारी कडी) लावून थोडाच फरक पडला, त्याहून अधिक फरक ती वायर अँटेनाच्या केबलपासून दूर, दुसऱ्या खांबातून नेल्याने पडला. कमकुवत स्टेशनांवर खरखर अजून ऐकू येते, त्यामुळे आता धातूच्या आवरणाचा, शिल्ड असलेला चार्जर लावून पाहणार आहे.