ऐरोलीच्या खाडीत, चिखलाच्या भिंतीपाशी

आजी सांगायची तशी तिथीची पाऊणपट केली. पंचमी, म्हणजे पावणेचारला पूर्ण भरती. ओहोटी त्याच्या सहा तास आधी. ठाण्याहून लोकल पकडून मी वेळेत ऐरोलीच्या जैवविविधता केंद्राच्या लाकडी वाटेवर पोचले.

खाडी मागे सरली होती. तिवरांच्या टोकदार मुळांमधून निवट्या उड्या मारत होत्या. पाण्याने काठ कापलेल्या एका जागी हातभर उंचीची चिखलाची भिंत उघडी पडली होती. काळा गाळ, मध्ये शिंपल्यांचा पांढुरका पट्टा, वर पुन्हा गाळ आणि त्यात कुजलेल्या मुळांच्या तपकिरी रेघा.

या रेघांचं मोल मोठं आहे. तिवर समुद्राच्या सरासरी पातळीपासून मोठ्या भरतीच्या रेषेपर्यंतच तग धरतो. त्यामुळे त्याची मुळं जमिनीत खोल सापडली, तर त्या काळी समुद्र कुठवर होता याचा बराच नेमका अंदाज येतो.

गेल्या वर्षी मावसभावाच्या घणसोलीतल्या साइटवर पायासाठी बोअर घेतले, तेव्हा त्याने मला नमुन्यांच्या पेट्या दाखवल्या होत्या. वर मऊ काळी माती, शिंपल्यांसकट. खाली एकदम कडक पिवळी माती, मग मुरूम, मग काळा पत्थर. काळ्या-पिवळ्याच्या त्या सांध्यावर माझं बोट थांबलं ते आजही आठवतं. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी पृथ्वीवरचं कितीतरी पाणी बर्फात अडकलं होतं आणि समुद्र आजच्याहून जवळपास 120 मीटर खाली होता. तेव्हा पारसिकच्या डोंगराखाली खाडी नव्हतीच, होती ती दरी. ओढे तिला खोदत होते, माती उन्हात वाळून घट्ट होत होती. मग बर्फ वितळला, समुद्र दरीत शिरला, ओढ्यांचा वेग मोडला आणि त्यांनी आणलेला गाळ तिथेच बसू लागला. म्हणून खाली जमीन, वर समुद्र. समुद्र मागे हटताना हाच क्रम उलटतो, खाडीच्या चिखलावर नदीची रेती येते.

मुंबईत प्रिन्सेस डॉक खणताना, 1870च्या दशकात, चिखलाखाली खैराची झाडं मुळांसकट उभी सापडली होती. समुद्राखाली रान!

आता समुद्र पुन्हा चढतोय. गाळ तितक्याच वेगाने साचला तर तिवर जागच्या जागी वर येतो, नाहीतर जमिनीकडे सरकतो. मी मागे वळून पाहिलं: बांध, रस्ता, इमारती.

तिथूनच भावाला फोन लावला. "त्या पेट्या अजून आहेत का रे?" इमारत उभी राहिली की त्या भरावात टाकतात, असं तो म्हणाला होता. "टाकू नकोस, मी येते."