दोष कोणाच्या माथी?

सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांसाठी गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत, आणि आमच्या घराजवळच्या एका अभ्यासिकेत दाराशीच मोबाइल जमा करून घेतात. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो परत मिळत नाही, मध्येच चहाला जायचे तर वहीत वेळ लिहावी लागते, आणि एवढा जाच सोसण्यासाठी मुले शेजारच्या मोकळ्या अभ्यासिकेपेक्षा जास्त पैसे मोजतात. फोन बंद करून पिशवीत ठेवला तर चालणार नाही का, असे मी तिथल्या एकाला विचारले. तो म्हणाला, "काका, मग तो उघडायचा नाही हे दर पाच मिनिटांनी मलाच ठरवावं लागेल."

एरिक फ्रॉम या जर्मनी सोडून अमेरिकेत गेलेल्या मानसशास्त्रज्ञाने १९४१ साली, हाती असलेले स्वातंत्र्य माणूस आपणहून का सोडून देतो, या प्रश्नावर पुस्तकच लिहिले. जन्माने ठरलेले स्थान आणि धर्माने आखलेली वाट सुटल्यावर माणूस मोकळा झाला, पण एकटाही पडला, आणि हे एकटेपण सोसेना म्हणून तो नव्या सत्तेच्या आश्रयाला गेला, असा त्याचा साधारण युक्तिवाद आहे. तो मला पटतो. मात्र एकटेपणापेक्षाही दोष अंगावर येण्याची भीती अधिक बोचत असावी. स्वतः निवडलेली वाट चुकली तर बोट दाखवायला कोणी उरत नाही. आईवडिलांनी ठरवलेली शाखा किंवा जुळवलेले लग्न बिघडले, तर निदान तक्रार करण्याची तरी सोय असते!

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रम यांनी येल विद्यापीठात १९६१ साली सुरू केलेल्या प्रयोगांत हेच उघडपणे दिसते. शेजारच्या खोलीतल्या माणसाला विजेचे झटके देत असल्याच्या समजुतीने, प्रयोगकर्त्याच्या सांगण्यावरून बटणे दाबणाऱ्या ४० जणांपैकी २६ जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या बटणापर्यंत गेले. त्यांतले कित्येक जण घामाघूम झाले होते, थांबू द्या म्हणत होते. पण जबाबदारी कोणाची, या प्रश्नावर प्रयोगकर्ता "माझी" म्हणाला की हात पुन्हा बटणाकडे वळे.

आणीबाणीच्या २१ महिन्यांत गाड्या वेळेवर धावतात, कचेऱ्यांत माणसे जागेवर सापडतात, असे कौतुक करणारी सुशिक्षित घरे पुण्यातही होती, आणि त्याच वेळी येरवड्याच्या तुरुंगात राजबंदी होते. अभ्यासिकेतला मुलगा पुढच्या महिन्यात पैसे भरणे थांबवू शकतो. राजबंद्यांना ती मुभा नव्हती, हा फरक कौतुक करणाऱ्यांना दिसत नव्हता असे मला वाटत नाही. मार्च १९७७ मध्ये संधी मिळताच पुण्याने, आणीबाणीत तुरुंगवास भोगलेल्या मोहन धारियांना लोकसभेवर निवडून दिले. एरवी गप्प बसलेल्यांनीही त्या दिवशी स्वतःचा निर्णय स्वतः घेतला असणार. मात्र मतदान गुप्त होते आणि कोणी काय ठरवले, याचा जाब कोणालाही द्यावा लागणार नव्हता.