मध्यंतरातली तुटलेली तार

लॅटिन संगीतातले पियानोवादक एडी पाल्मिएरी 6 ऑगस्ट 2025 ला गेले, 88 वर्षांचे होते. महिनाभराने न्यू जर्सीतल्या एका सभागृहात त्यांच्या आठवणीत मैफल होती आणि पियानो लावायचं काम माझ्याकडे आलं. दोन तास मागितले, पन्नास मिनिटं मिळाली, तीही रंगमंचावर खुर्च्या सरकत असताना. सुमारे 230 तारा. वरच्या भागात एकेका सुराला तीन, आणि त्या तिन्ही एकजीव व्हायला हव्यात. त्यासाठी शांतता लागते, हे सभागृह चालवणाऱ्यांना कधीच पटत नाही.

मध्यंतराला चार मिनिटं उरली असताना वरच्या 'सी'ची एक तार तुटली. मला विंगेत ऐकू आलं. वादक थांबला नाही, मोंतूनो चालू होता: तीच छोटी आकृती पुन्हा पुन्हा, दोन्ही हातांनी, सप्तकाच्या अंतरावरच्या पट्ट्या जोडीने धरून. तबला सोलोला पेटीवर लेहरा धरतात तसंच हे, फक्त लेहरा मागे राहतो आणि मोंतूनोला कोंगा, टिंबाले या तालवाद्यांच्या आणि ट्रॉम्बोनच्या गदारोळातून वर यावं लागतं.

पाल्मिएरींचा सगळा जन्म यातच गेला. प्वेर्तो रिकोतल्या पोन्सेहून न्यूयॉर्कला आलेल्या आईबापांचा मुलगा. तेराव्या वर्षी टिंबाले धरले, मग पियानोकडे परतले, पण हात तालवाद्याचाच राहिला. उमेदीच्या काळात पट्ट्या फार बडवतो म्हणून एका वाद्यवृंदातून काढलं. 'रोम्पेतेक्लास', पट्ट्या मोडणारा, हे नाव चिकटलं. 1961 मध्ये त्यांनी स्वतःचा 'ला पेर्फेक्ता' हा वाद्यवृंद उभा केला आणि ट्रम्पेटच्या जागी ट्रॉम्बोन आणले. 1976 मध्ये ग्रॅमीने लॅटिन संगीताला पहिल्यांदा पुरस्कार दिला, तो त्यांनाच. त्यांना काढणाऱ्याने कधी पियानो उघडून पाहिला होता का, हा प्रश्न मला हल्ली छळतो.

वीस मिनिटांत नवी तार बसते, टिकत नाही. ती ताणली जाते, दोन गाण्यांत उतरते आणि शेजारच्या दोन चांगल्या तारांचाही सूर घालवते. म्हणून खुंटीवरचे वेढे सोडवले, तुकडा काढला, दोन तारांवर भागवलं. सूर बारीक झाला, पण खरा राहिला.

तेव्हा तारांवर आपटणाऱ्या हातोड्या नीट पाहिल्या. तीन आठवड्यांपूर्वी एका शास्त्रीय वादनासाठी मीच त्यांच्यावरच्या लोकरीच्या नमद्यात सुया टोचून आवाज मऊ केला होता. मी मिरजेचा. जवारी बंद केली की सतारीचा झणकार जाऊन आवाज कसा मऊ होतो, हे लहानपणापासून कानावर आहे. आज कोणतं संगीत आहे हे माहीत असून पन्नासच्या पन्नास मिनिटं सुरात घातली, आवाजाकडे बघितलंच नाही. पियानो धार देत नव्हता म्हणून तो गडी आणखी जोरात मारत होता.

तार जुनीच होती, असं सोबतचा तंत्रज्ञ म्हणाला. असेलही. पण त्या हातोडीवरच्या तीन खाचा शेजारच्या हातोड्यांपेक्षा कितीतरी खोल होत्या.

सोमवारी नवी तार घातली. आठवड्यात तीनदा चढवावी लागली. पुढच्या महिन्यात पुन्हा शास्त्रीय वादन आहे, आवाज मऊ ठेवा असा निरोप आलाय. सुया अजून हत्यारांच्या पेटीतच आहेत.