जयगडच्या खाडीत मोडलेलं पातं

दुपारी अडीचच्या सुमाराला जयगडच्या खाडीत माझं पातं मोडलं. खाडी म्हणजे सहा मिलिमीटर प्लायवर चिकटवलेल्या नकाशातली, पण आवाज व्हायचा तो झालाच. टण्ण! खळ्यात पेंगत बसलेली कोंबडी उठून उभी राहिली आणि स्वयंपाकघरातून प्रश्न आला, "आता कुठे?"

"जयगडला."

"काल दाभोळला होतात ना?"

"होतो."

आतून पुढे काही आलं नाही. कपबश्यांचा आवाज मात्र जरा वाढला.

स्क्रोल सॉ नावाचं, बारीक पात्यानं लाकडात नक्षी कापायचं यंत्र आमच्या गावात माझ्या एकट्याकडे आहे आणि त्याचा कुणालाही हेवा वाटत नाही. आणलं तेव्हा गावचा सुतार मुद्दाम बघायला आला होता. गुरं गेल्यापासून रिकामा पडलेला गोठा मी झाडून, सारवून, दोन ट्यूबलाइट लावून तयार ठेवला होता. सुतारानं यंत्राभोवती एक प्रदक्षिणा घातली. "ह्याच्यावर चौकट होईल?" नाही. "वासा चिरता येईल?" नाही. "मग होतं काय?" मी त्याला गवताच्या काडीसारखं ते पाच इंची पातं दाखवलं. त्यानं ते बोटांत धरून उजेडाकडे बघितलं, वाकवलं आणि परत देताना म्हणाला, "रिटायर झाल्यावर काहीतरी हवंच माणसाला."

खरं तर यंत्र आलं ते गणपतीमुळे. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि आमच्या घरातला मखराचा प्रश्न एकदम सुतारकामाचा झाला. प्लायची जाळी कापायची तर प्रत्येक नक्षीच्या पोटात आधी ड्रिलनं भोक पाडायचं, पात्याचं वरचं टोक सोडवायचं, भोकातून ओवायचं, पुन्हा आवळायचं, कापायचं, पुन्हा सोडवायचं. पहिल्या मखराला अशी एकशे बारा भोकं होती. चतुर्थीच्या आदल्या रात्री मी एकशे नववं भोक कापत होतो आणि बायको पुढच्या दारी कुणाला तरी सांगत होती, "आहेत ना घरात. सुई ओवतायत."

तिनं थट्टेनं म्हटलं, पण ते अगदी बरोबर होतं. माझी आई वेंगुर्ल्याची. लग्न होऊन रत्नागिरीच्या ह्या बाजूला आली ती शिवणाचं मशीन घेऊनच. पडवीच्या खिडकीखाली ते असायचं. दुपारची भांडी झाली की वाडीतल्या बायकांची पोलकी शिवायला बसायची. मी पायापाशी. मला आठवतो तो गळा शिवताना होणारा तिच्या हातांचा खेळ. सुई एका जागी वर-खाली, वर-खाली, आणि तिच्याभोवती कापड नुसतं तरंगत फिरायचं. डाव्या हाताची तीन बोटं टेकलेली, उजव्याची दोन. एकदा मी मदत म्हणून कापड मागून ओढलं, तर सुई मोडली. ती रागावली नाही. म्हणाली, "कापाड मशीनच व्हरता. आपण फकत वाट दाखवूची." मग मोडलेल्या सुईचा तुकडा शोधायला बसली. जमीन चाचपली, मांडीवरचं कापड झटकलं, पायट्याखाली बघितलं. तो मिळाल्यावर आगपेटीत टाकला. त्या आगपेटीत तसले पुष्कळ होते. "तुकडो गावल्याबगर मशीन चालवूची नाय." पोलक्यात राहिला तर कुणाच्या तरी पाठीत जाईल, एवढंच तिचं म्हणणं.

स्क्रोल सॉवर मला कुणी शिकवलं नाही. इंटरनेटवर गोरी माणसं मोठमोठ्या गॅरेजांत हसतमुखानं शिकवतात ते पाहिलं, पण पहिलं वळण नीट आलं ते डाव्या हाताची तीन बोटं टेकली तेव्हा. पात्याचे दात खाली तोंड करून असतात, मिनिटाला चारशेपासून सोळाशेपर्यंत फेऱ्या होतात, आणि लाकूड ढकललं की पातं मागे वाकतं, तापतं, रुसतं. आपण फक्त वाट दाखवायची. आणि पातं सरळसुद्धा जात नाही. बनवतानाच त्याच्या एका कडेला बारीक कंगोरा राहतो, त्यामुळे ते जरा उजवीकडे ओढतं. सरळ रेघ कापायची तर फळी थोडी तिरकी धरावी लागते. सुताराला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "असली माणसं असतात."

मोडायचं म्हणाल तर त्यातली निम्मी पाती माझ्या चिकटपणानं मोडतात. दात बोथट झालेले असतात, कडेला काळपट डाग पडायला लागलेला असतो, जळका वास नाकाशी येत असतो, आणि आपण मनात म्हणत असतो, एवढं एक वळण, एवढी एक खाडी. जळू नये म्हणून नकाशावर खोकी बांधायची खाकी चिकटपट्टी लावावी, तिच्यामुळे पातं गार चालतं. ती मी लावतो. शहाणपण मात्र पट्टीनं येत नाही. मोडलेलं अर्धं पातं टेबलाखाली भुशात पडतं, ते मी शोधतो आणि बामच्या रिकाम्या बाटलीत टाकतो. अशा दोन बाटल्या भरल्यात. त्यांचं काय करणार, हे मला विचारू नका. बायकोनं विचारून झालंय.

नवं पातं लावलं की मी नखानं त्याची तार छेडतो. सैल असेल तर भद्द वाजतं, बरोबर ताणलेलं असेल तर स्वच्छ, वरचं वाजतं. आमच्या भजनी मंडळाच्या पेटीवाल्याला एकदा ऐकवलं. त्यानं डोळे मिटले, मान तिरकी केली आणि म्हणाला, "पांढरी पाच. जरा उतरलीय." तेव्हापासून मला तो नादच लागला. कापायला बसलं की दोन-चार मिनिटांत नवं पातं किंचित ताणतं आणि सूर उतरतो. पुन्हा पिळायचं, पुन्हा छेडायचं. ह्यात कधी कधी कापायचं राहून जातं.

तर नकाशा. नात पुण्याला तिसरीत आहे. तिला म्हटलं, तुला कोकणाचं कोडं करून देतो, जिल्ह्याजिल्ह्याचे तुकडे. पालघर, ठाणे, मुंबईचे दोन, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. सातच तर तुकडे! नकाशा कापून कोडं करायची कल्पना काही माझी नाही. १७६० च्या दशकात लंडनला जॉन स्पिल्सबरी नावाच्या नकाशे कोरणाऱ्यानं ती काढली असं म्हणतात. फळीवर नकाशा चिकटवायचा, देशांच्या हद्दींवरून कापायचा, पोरांना भूगोल शिकवायचा. त्याच्या वाटणीला कोकण आलं नव्हतं, एवढंच.

कारण कोकण लांबुडकं. माझ्या यंत्राचा गळा सोळा इंचांचा, म्हणजे पात्यापासून मागच्या खांबापर्यंत तेवढीच जागा. नकाशा केला दोन फुटी. फळी फिरवायला गेलो की पालघर खांबावर आपटायचं. शेवटी बाणकोटला सावित्रीवरून आधी एक काप घेतला आणि वरचं कोकण बाजूला ठेवलं.

त्या वरच्या कोकणाचा पहिला प्रयत्न वाया गेला होता. सगळे तुकडे झकास सुटले, पण रायगड वरून बसेचना! उचलून बघितला, पालथा करून बघितला. शेवटी कळलं की रायगडात फक्त खालून शिरता येतं. शत्रूला जमलं नसतं ते मी टेबल तिरकं ठेवून करून दाखवलं होतं. टेबल आणि पातं काटकोनात नसलं की कापाला उतार येतो आणि तुकडा एकाच बाजूनं आत-बाहेर होतो. तेव्हापासून दर वेळी आधी गुण्या लावून बघतो.

खालचं कोकण मात्र खाड्यांचं. राज्याचा किनारा ७२० किलोमीटरचा सांगत आलेत, तो काय सरळ रेषेत थोडाच आहे? सोपं करायचं तर खाड्या बुजवून एक गुळगुळीत वळण मारता आलं असतं, बाजारातल्या कोड्यांत मारतातच. पण ते माझ्यानं होईना. चौथीत गुरुजी आम्हाला खाड्या उत्तरेकडून म्हणून घ्यायचे. बाणकोट, दाभोळ, जयगड, भाट्ये, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग. विजयदुर्गापर्यंत एका दमात यायचं. मध्ये श्वास घेतला की पुन्हा बाणकोट. पुढे देवगड, आचरा, कर्ली आणि शेवटी तेरेखोल. बाणकोट ते तेरेखोल, एवढा मोठा आमचा जिल्हा होता. गुरुजी हातातली पट्टी फळ्यावर वरून खालपर्यंत ओढून म्हणायचे, "हा सगळा आपला." आम्हाला खरंच वाटायचं की घरी जाताना वाटेत लागेल.

१९८१ च्या १ मे रोजी त्याचे दोन झाले. त्याच वर्षी कुलाब्याचा रायगड झाला, पण ते नुसतं बारसं होतं. इथे वाटणी होती. बातमी वाचून वडील म्हणाले, "तुझं वेंगुर्लं गेलं सिंधुदुर्गात." आई पायट्यावरचे पाय थांबवून म्हणाली, "मी जाग्यावरसून हलाक नाय, नि माझा म्हायार दुसऱ्या जिल्ह्यात गेला?" मग पुन्हा पायटा चालू. पुढची पंचवीस वर्षं मामाला पत्र लिहिताना ती पत्त्यात 'जि. रत्नागिरी' असंच लिहीत होती. पत्रं पोचायची. पोस्टातल्या माणसांना अक्षर माहीत झालं असावं.

यंत्राची देखभाल आमच्याकडे वेगळीच करावी लागते. परदेशातले लोक सांगतात, सांध्यांना तेल द्या, बेअरिंग बघा, चिमट्यांचे जबडे साफ ठेवा, नाहीतर पातं निसटतं. ते सगळं ठीक. नव्या पात्यांवर तेलाचा हात असतो, टोकं फडक्यानं पुसून घ्यावीत, हेही खरं. पण समुद्रावरून येणारी खारी हवा त्यांच्या हिशेबात नसते. बिडाचं टेबल रात्री पांढरं असतं, सकाळी लाल. पहिल्या पावसाळ्यात मी यंत्राला गोधडीत गुंडाळलं होतं, आजारी माणसासारखं. गोधडीनं ओल धरून ठेवली आणि श्रावणात उघडलं तेव्हा गंजाचे ठसे गोधडीच्या टाक्यांबरहुकूम उठले होते. आता वरून लाकडी खोकं उपडं घालतो आणि आत जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब लावून ठेवतो. तो गरम होतो, एलईडी होत नाही. जूनपासून दसऱ्यापर्यंत गोठ्यात रात्री फटींतून उजेड दिसतो. येणारे-जाणारे विचारतात, गाय आणली का?

टेबलावर मेणबत्ती घासतो, फळी सरसर फिरते. तेल मात्र शिवणाच्या मशीनचंच, तीच लांब नाकाची बाटली. एका भोकात एक थेंब. त्यानंतर आई एक चिंधी शिवायची, जादा तेल टिपलं जावं म्हणून. मीही आधी एक टाकाऊ प्लाय कापतो.

तर त्या दुपारी जयगडला नवं पातं लावलं, छेडलं, आणि बऱ्यापैकी सुरात पुढे निघालो. भाट्ये, पूर्णगड, जैतापूर. विजयदुर्गाच्या तोंडाशी आलो तर रेघच दिसेना. भुसा साचून राहिला होता. पात्याशेजारी एक रबरी नळी असते, ती फुंकर मारत रेघ मोकळी ठेवते. ती फुंकत नव्हती. यंत्र बंद केलं, नळी डोळ्याशी धरली. आत गोल, गुळगुळीत, ओल्या मातीचं बूच. कुंभारमाशी! गेले चार दिवस मी खाड्यांतून फिरत होतो आणि ती माझ्या जेवणाच्या सुट्टीत मातीचे गोळे आणून घर बांधत होती. काडीनं कोरून काढायला एक मिनिट लागलं असतं. पण आई कुंभारमाशीचं घर मोडू द्यायची नाही. ती आली की घरात पाळणा हलतो म्हणायची. आमच्या घरात आता कुणाचा हलायचाय? तरी राहू दिलं.

तिथून दोन वाटा होत्या. समुद्राच्या कडेनं खाली देवगडकडे जायचं, नाहीतर आत वळून खारेपाटणच्या अंगानं घाटापर्यंत हद्दीची रेघ कापायची. ठरवलं होतं आत वळायचं. फळी अजून तशीच आहे, पातं विजयदुर्गात उभं. ताण तेवढा सैल करून ठेवलाय. तीन आठवडे झाले.

काल नातीचा फोन आला. कोडं कुठपर्यंत आलं?

म्हटलं, आलं जवळजवळ. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग एकच तुकडा ठेवला तर चालेल का गं?

"नाही. पुस्तकात दोन आहेत."

मग तिला कुंभारमाशीचं सांगितलं. नळी, मातीचं बूच, आत बहुतेक अळी असेल, भुसा उडत नाही, रेघ दिसत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मग तोंडानं फुंकर मार ना, आजोबा."

बघू, म्हटलं.