कोण बसलं, काय टाकलं: ऑफिसच्या नेटवर्कवरच्या नोंदी

गोव्यात पणजीचं पाटो असो की वेर्ण्याची इंडस्ट्रियल इस्टेट, वीस-तीस कॉम्प्युटरच्या ऑफिसात महागडं मॉनिटरिंग सॉफ्टवेअर घेण्याआधी विंडोज स्वतः काय लिहून ठेवतं ते बघावं.

विंडोज सुरक्षेच्या नोंदी सिक्युरिटी लॉगमध्ये ठेवतं आणि प्रत्येक प्रकारच्या नोंदीला एक क्रमांक असतो. त्यातला ४६२४ म्हणजे यशस्वी लॉगिन, ४६२५ म्हणजे फसलेलं. पण नुसते ४६२४ मोजले तर आकडे फुगतात, कारण कुणी शेअर्ड फोल्डर उघडला तरी सर्व्हरवर तीच नोंद पडते. म्हणून लॉगॉन टाइप बघा: २ म्हणजे समोर बसून, ३ नेटवर्कवरून, ७ लॉक उघडून, १० रिमोट डेस्कटॉपवरून. ११ दिसला तर डोमेन कंट्रोलर (ऑफिसभरचे पासवर्ड तपासणारा सर्व्हर) न गाठता, साठवलेल्या माहितीवर लॉगिन झालंय.

उठून जाण्याची वेळ मात्र भरवशाची नाही. ४६४७ पडतो तो माणसाने रीतसर लॉगऑफ केलं तरच. आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाते, यूपीएसची बॅटरी संपते, आणि हाती लागतो तो पुढच्या बूटनंतर सिस्टिम लॉगमध्ये आलेला ६००८, म्हणजे मशीन अचानक बंद पडल्याची नोंद. लॉक-अनलॉकचे ४८०० आणि ४८०१ हवे असतील तर ग्रुप पॉलिसीत (सगळ्या मशीनना एकदम लागू होणाऱ्या सेटिंगमध्ये) ‘अदर लॉगॉन/लॉगऑफ इव्हेंट्स’चं ऑडिट चालू करावं लागतं.

सिक्युरिटी लॉग मुळात २० एमबीचा. भरला की जुनं पुसत जातो. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत, तेव्हा इव्हेंट फॉरवर्डिंग (नोंदी दुसरीकडे पाठवायची विंडोजचीच सोय) लावून सगळं एका सर्व्हरवर आणा. बाकीचे लॉग येतात आणि सिक्युरिटीचाच येत नाही, असं झालं तर प्रत्येक मशीनवर ‘नेटवर्क सर्व्हिस’ला (नोंदी पाठवणारं विंडोजचं अंतर्गत खातं) ‘इव्हेंट लॉग रीडर्स’ ग्रुपमध्ये घाला.

सॉफ्टवेअरच्या यादीसाठी पुष्कळ स्क्रिप्ट विंडोजला ‘विन३२ प्रॉडक्ट’ नावाने यादी विचारतात. तो नाद सोडा. तो यादी देताना प्रत्येक एमएसआय पॅकेज (विंडोज इन्स्टॉलरने बसवलेला प्रोग्रॅम) तपासतो, बिघडलेलं वाटलं तर दुरुस्तही करायला घेतो. शिवाय एमएसआयने न बसवलेलं काही त्यात दिसत नाही. त्यापेक्षा रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातली) ‘अनइन्स्टॉल’ की, म्हणजे बसवलेल्या प्रोग्रॅमचा कप्पा, वाचा: ६४ बिटची एक, ३२ बिटची वेगळी आणि प्रत्येक यूजरची स्वतंत्र. ही तिसरीच बहुतेक जण विसरतात. अ‍ॅडमिन पासवर्ड न मागता बसलेले ब्राउझर तिथेच सापडतात. पण तो यूजर लॉगिन नसेल तर त्याची रजिस्ट्री लोड झालेली नसते, म्हणून स्क्रिप्ट लॉगिनच्या वेळीच चालवावी.

पेन ड्राइव्हवरून चालणारे पोर्टेबल प्रोग्रॅम या कुठल्याच यादीत येणार नाहीत. त्यांच्यासाठी अ‍ॅपलॉकर (कोणते प्रोग्रॅम चालू द्यायचे ते ठरवणारी विंडोजची सोय) ऑडिट मोडमध्ये, म्हणजे न अडवता फक्त नोंद करायला, ठेवा आणि ८००३ च्या नोंदी बघा; नियमाने अडवले गेले असते असे प्रोग्रॅम त्यात दिसतात. ‘अ‍ॅप्लिकेशन आयडेंटिटी’ सर्व्हिस बंद असेल तर तो लॉग रिकामाच राहतो.